घोडीचा पुढचा डावा पाय

घोडी पुढच्या डाव्या पायानं लंगडत होती. आज मला झोपेतून उठवून विचारा, मी हेच सांगेन. पण ज्या रविवारी ते ध्यानात राहायला हवं होतं, त्या रविवारी माझ्या तोंडून मागचा उजवा पाय निघाला. अकरा वर्षांच्या पोट्टीची चूक ती केवढी, असं लोक म्हणतील. म्हणोत. लोकांच्या म्हणण्यानं माझं काही हलकं होत नाही.

ही घोडी रेडिओतली. आमचं गाव भातकुलीपासून तासाभराच्या चालीवर, आणि साऱ्या गावात रेडिओ एकच, तो मालकाच्या घरी. मालक म्हणजे ज्याच्या काळ्या रानात आमच्या आळीतली निम्मी माणसं निंदायला आणि कापूस वेचायला जात तो. रविवारी सकाळी रेडिओवर मुलांचा कार्यक्रम लागे आणि त्यात एक गोष्ट दर आठवड्याला थोडी थोडी पुढे सरके. कुंभाराची एक पोरगी, तिची लंगडी घोडी आणि वाटेत भेटलेला एक लबाड ढोलकीवाला असे तिघं समुद्र पाहायला निघालेले. मालकाच्या घरची पोट्टी ओट्यावर बसत, आम्ही आळीतली पोट्टी खाली अंगणात. घोडी चालू लागली की रेडिओतून टप टप टप असे तीन ठोके येत आणि चौथ्याच्या जागी काहीच येत नसे. त्या रिकाम्या जागेवर आम्ही सारे मान खाली घालायचो, जणू आपलाच पाय दुखला. कार्यक्रम संपून आम्ही उठलो की मालकीणबाई आम्ही बसलो होतो तिथं पाणी शिंपडत. ते नेहमीचंच होतं. त्याचं वाईट वाटावं हे तेव्हा कोणी शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मायच्या खोकल्यातून रक्त पडलं. बानं तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. छातीचा रोग निघाला. डॉक्टरनं सांगितलं, वर्षभर इथंच राहायचं, सुया आणि गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. मधेच सोडलं तर पुन्हा हेच औषध लागू पडायचं नाही. बानं ते समजून घेतलं. मायनं नाही. माझी माय बार्शीटाकळीकडची, आणि तिचा राग आमच्या आळीला ठाऊक होता. माझ्या धाकट्या भावाला ताप आला एवढं कोणीतरी तिच्या कानावर घातलं, तर तिसऱ्याच आठवड्यात बाई दवाखान्याचं पांढरं लुगडं नेसून मोटारस्टँडवर गेली आणि दिवेलागणीला घरात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी बानं तिला परत नेली. डॉक्टर बाला म्हणाले, पुन्हा अशी निघून गेली तर मी हिला घेणार नाही, इथं खाटेसाठी माणसं ताटकळून बसली आहेत.

म्हणून आमच्या घराचा एकच नेम झाला. मायच्या कानावर वाईट काही पडू द्यायचं नाही. एक वर्ष. बा दर रविवारी मला घेऊन निघे, भातकुलीपर्यंत चालत, पुढं मोटारीनं, आणि वाटेत एवढंच बजावी की मायजवळ घरचं चांगलं तेवढंच बोलायचं. आता चांगलं आणायचं कुठून? धाकट्याला खरूज झाली होती, घराची एक भिंत खचली होती, शेळी मेली होती.

पोरांना वॉर्डात जाऊ देत नसत. बा आत जाई, मी बाहेरून एका दगडावर चढून खिडकीचे गज धरून उभी राहायची. मायची खाट खिडकीला लागूनच होती. ती विचारायची, काय चाललंय घरी. मग एकदा काही सुचेना म्हणून मी तिला रेडिओतली गोष्ट सांगितली. कुंभाराची पोरगी, घोडी, ढोलकीवाला, सगळं. मायनं तोंड वाकडं केलं. पोरगी एवढी हिंडते तर तिचे केस कोण विंचरतं, असं विचारलं आणि कूस बदलली.

पुढच्या रविवारी मात्र मी सांगता सांगता तिनं मला मधेच थांबवलं. मागच्या खेपेला मडकं फुटलं होतं ना, मग आज पोरगी त्याच मडक्यातून पाणी कशी प्यायली? बाप्पा! मी आठवून पाहिलं. खरंच की. रेडिओवर मडकं फुटल्याचा आवाज मी या कानांनी ऐकला होता, आणि आज त्याच मडक्यातून गटगट पाण्याचा आवाज आला होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या मायनं रेडिओवाल्यांना पकडलं होतं. माय हसली. दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि इतकं की खोकला लागला आणि नर्सबाई धावत आली.

तिथून ते सुरू झालं. मायचं डोकं तसंच होतं. कापूस वेचताना कोणती बाई कोणत्या ओळीत होती आणि कोणी किती वेचला, हे तिला आठवड्यानंतरही तोंडपाठ असायचं. आता ते सारं डोकं तिनं त्या गोष्टीत घातलं. ढोलकीवाल्याचे पुढचे दोन दात पडलेले, मग तो शीळ कशी घालतो? पुनवेच्या रात्री तिघांनी नदी ओलांडली आणि तिसऱ्या दिवशी गावात पोळा भरला होता. पोळा अवसेला. हे रेडिओवाले कोणत्या देशातले, असं मायनं विचारलं तेव्हा शेजारच्या दोन खाटाही हसल्या. पलीकडे अंजनगावची एक शिक्षिका होती, सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. वर्षापासून तिथंच पडून होती बिचारी. ती मायच्या चुका आपल्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवू लागली. रविवारी मी दगडावर चढायच्या आत त्या तिघी मायच्या खाटेभोवती येऊन बसलेल्या असायच्या. नर्सबाईनं बाला सांगितलं की आता ही कुरकुर न करता सुई टोचून घेते, फक्त रविवार कधी येतो ते विचारते. परतताना बा वाटेत चक्क गुणगुणला. त्याला गाताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

माघात मालकाचा बैल मेला.

हे नीट सांगायला हवं. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून नेणं हे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या आळीचं काम होतं. आम्ही धम्मदीक्षा घेऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि आळीनं ते काम सोडलं होतं. पण मालकाची गोष्ट वेगळी, त्याच्याकडचं जनावर म्हटलं की दोन-चार म्हातारे गुपचूप जाऊन यायचे. माय आजारी पडायच्या आधी याच्यावरूनच आळीच्या बैठकीत उभी राहिली होती. इथून पुढं जो जाईल त्याला माझ्या घरचं पाणी मिळणार नाही, असं ठणकावून बसली होती. तर मालकाचा गडी बोलवायला आला, आणि मायच्या त्या शब्दापायी एकही माणूस उठला नाही. बैल दोन दिवस गोठ्यात पडून राहिला.

बानं हे मायला सांगितलं, कारण ही चांगली बातमी होती. माय खाटेवर ताठ बसली. मास्तरीणबाईला म्हणाली, पाहा आमची माणसं. पुढचं बानं सांगितलं नाही. मालकानं आमच्या आळीचं काम बंद केलं होतं. बा दुसऱ्या गावी मजुरीला जाऊ लागला होता, पहाटे निघायचा. आणि त्या रविवारी मी अंगणात गेले तेव्हा मालकीणबाई पायरीवर तांब्या घेऊन उभ्या होत्या. एरवी आम्ही उठल्यावर पाणी शिंपडायच्या, त्या दिवशी आम्ही बसायच्या आधीच शिंपडलं. मग म्हणाल्या, आजपासून इथं यायचं नाही. आवाज काही चढवला नाही. ओट्यावरच्या पोट्ट्यांतलं एकही आमच्याकडे पाहीना. आत घोडी चालू लागली होती.

त्या दुपारी मी दगडावर चढले. गजांच्या आत चार तोंडं माझ्याकडे लागलेली. बा मायच्या पायथ्याशी उभा, त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. रेडिओ बिघडला म्हणून सांगावं असं मनात आलं होतं. पण एवढ्याशा गोष्टीवरून मायनं दहा प्रश्न विचारले असते, आणि मायच्या दहा प्रश्नांपुढं मी टिकले नसते. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, तर मग ते तिघं जंगलात शिरले.

तेव्हापासून गोष्ट माझी झाली. तुम्हाला वाटेल, मजा आली असेल. कसली मजा! शाळेत पाटीवर गणित मांडलं की डोक्यात ढोलकीवाला. आळीत कोणाला विचारावं तर रेडिओ कोणीच ऐकत नव्हतं, आणि मालकाच्या पोट्ट्यांना विचारायला गेले तर ती पळून जायची. भातकुलीच्या वाटेवर मी बाला सगळं म्हणून दाखवायची. बा ऐकून घ्यायचा. एकदा माझी गोष्ट पुढं सरकेना, मी रडायला लागले, तेव्हा तो म्हणाला, वाटेत एक उंट भेटू दे. त्यानं अकोल्याच्या बाजारात एकदा उंट पाहिला होता. मी उंट घातला. आता उंटाला खायला काय द्यायचं ते ना मला ठाऊक, ना त्याला.

चुका व्हायच्याच. मी पोरीचं घोंगडं वाण्याला देऊन टाकलं आणि दोन आठवड्यांनी तेच तिच्या अंगावर घातलं. ढोलकी नदीत वाहून गेली आणि पुन्हा वाजली. मायला आनंद. रेडिओवाले आता लयच चुकून राहिले, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि मास्तरीणबाई भराभर लिहून घ्यायची. माझ्या प्रत्येक चुकीवर माय हसत होती आणि मी गज घट्ट धरून उभी होते. तिचं वजन वाढलं होतं. गालांवर मांस आलं होतं. अजून साडेसहा महिने, बा मोजायचा, अजून सहा.

मग तो पाय. घोडी जंगलात अडून बसते आणि पोरगी तिच्या पायातला काटा काढते, असं मी जुळवलं होतं. चांगलं जुळलं होतं. मी म्हटलं, पोरीनं घोडीचा मागचा उजवा पाय मांडीवर घेतला.

माय हसली नाही. तिनं विचारलं, कोणता पाय? मी सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, आता मागं कसं फिरणार. मायचा चेहरा उतरत गेला. मडकं, दात, पोळा, ते सारं ठीक. पण हे तिच्या जिवाला लागलं. ती हळूच म्हणाली, "जिचं दुखनं कोठं हायें तेच ज्याले मालूम नाई, तो तिले समुद्रापर्यंत कसा नेईन?"

छातीचं दुखणं घेऊन सहा महिने खाटेवर पडलेली बाई बोलत होती ती. मला तेव्हा ते कळलं नाही. आज कळतं आणि काही उपयोग नाही.

मायनं तिथल्या तिथं मला रेडिओवाल्यांना पत्र लिहायला सांगितलं. मास्तरीणबाईनं वहीचं पान फाडून गजांतून दिलं, मी खिडकीच्या कडाप्प्यावर ठेवून लिहिलं. एवढी पोरं ऐकतात, तर नीट सांगत चला. घोडीचा पाय पुढचा डावा आहे, तो सुधारा. उत्तर पाठवा. खाली मायचा अंगठा. मी ते माझ्या वाचनाच्या पुस्तकात ठेवलं आणि टाकलं म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी मायनं विचारलं, उत्तर आलं? त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं. चार रविवार विचारलं. पाचव्या रविवारी ती स्वतःच म्हणाली की मास्तरीणबाईकडून दुसरं पत्र लिहवून घेतलंय, झाडूवालीनं ते पेटीत टाकलंय, आणि पत्ता दवाखान्याचा दिलाय.

परतीच्या वाटेवर मी बाला सांगितलं. भातकुलीला मोटारीतून उतरल्यावर तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. म्हणाला, "आता देवबी नाई आपल्याले, मांगू कोनाले?"

मी मागितलं. रेडिओवाल्यांना मागितलं. त्याच आठवड्यात शाळेतून मिळवलेल्या पोस्टकार्डावर लिहिलं, माझी माय दवाखान्यात आहे, तिचं पत्र येईल, तुम्ही चुकलो म्हणा, पाया पडते, चुकलो एवढंच म्हणा. कार्ड पोचलं की नाही, कोणाच्या हाती पडलं, मला आजतागायत ठाऊक नाही. उशीर झाला असेल. रेडिओवर बसलेल्या माणसाला वाटलं असेल, हे काय भलतंच.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी दगडावर चढले तेव्हा खाटेभोवती कोणी नव्हतं. मास्तरीणबाई आपल्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून निजली होती. मायच्या हातात एक कार्ड होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण मास्तरीणबाईनं साऱ्या वॉर्डासमोर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पुढं ते मी वाचलं. कोणी सज्जन माणसानं लिहिलेलं होतं. आपल्या पत्राबद्दल आभार. आमच्या गोष्टीत उंट कधीही नव्हता, काटा निघाल्याचा प्रसंगही नाही. ती गोष्ट होळीच्या आधीच संपली, तिघंही समुद्रावर सुखरूप पोचले. सध्या दुसरी गोष्ट सुरू आहे, ती अवश्य ऐकावी.

मला वाटलं, माय आता विचारील, खोटं कावून बोलली. त्याचं उत्तर मी वाटेत तयार केलेलं होतं. मायनं ते विचारलंच नाही.

"कवापासून अंगनात बसू देत नाईत?"

मी म्हटलं, "बैल मेला तवापासून."

तिनं बाच्या तोंडाकडे पाहिलं. बा जमिनीकडे पाहत होता. मग त्याचे हात पाहिले, ते दुसऱ्या गावच्या खडी फोडण्यानं फुटलेले होते, आणि तिला बाकीचंही कळलं. ती उठली. खाटेखालचं गाठोडं काढलं आणि घरचं लुगडं झटकलं. बानं तिचे पाय धरले, सगळ्यांसमोर. मास्तरीणबाई उठून आली आणि तिला रागावली, चार महिने राहिलेत गं, चारच, असं म्हणत रडायला लागली. नर्सबाईनं डॉक्टरांची धमकी दिली. माय म्हणाली, बैल उचलू नका हे मी सांगितलं, आणि मीच इथं दूध पीत बसू? एवढंच. आवाज चढवलाच नाही. ती चिडली असती, ओरडली असती, तर बानं तिला आवरली असती, तो त्यात सरावलेला होता. मी गजांतून हात घालून तिचं लुगडं धरलं. तिनं माझी बोटं एक एक करून सोडवली, आणि दारानं बाहेर येऊन तोच हात धरला.

पुढच्या रविवारी सकाळी माय मला घेऊन मालकाच्या घरासमोर गेली. अंगणात नाही. समोरच्या रस्त्यावर, रस्ता सगळ्या गावाचा. तिनं तिथं पोतं अंथरलं आणि आम्ही दोघी बसलो. मालकीणबाईंनी आतून खिडकी लावून घेतली. रेडिओचं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं, एका माकडाची गोष्ट होती. माय पदरात खोकत शेवटपर्यंत बसली. दर रविवारी आळीतली आणखी दोन-तीन घरं येऊन बसू लागली. पुढं कापूस फुटला आणि वेचायला माणसं मिळेनात, तेव्हा मालकाचा गडी पुन्हा आळीत आला, पण तोवर माय घरातून उठत नव्हती. बा दोनदा अमरावतीला जाऊन आला. खाट नव्हती. औषध तेच दिलं, लागू पडलं नाही, डॉक्टर बोलले होते तसंच.

खाटेवर पडल्या पडल्या एकदा ती म्हणाली की त्यांची घोडी पोचली असेल, आपली अजून वाटेतच आहे. मग मी रोज सांगायला लागले. उंट, जंगल, ढोलकी. आता मी वहीत लिहून ठेवायची, घोंगडं कुणाकडे, चंद्र किती, नदी किती ओलांडल्या. घोडी चालली की पुढचा डावा, थांबली की पुढचा डावा. एकही चूक होऊ दिली नाही. माय डोळे मिटून ऐकायची, मधेच हं म्हणायची.

शेवटी शेवटी ती हं पण म्हणेना. तेव्हा एका दुपारी मी मुद्दाम म्हटलं, पोरीनं घोडीचा मागचा उजवा पाय मांडीवर घेतला. आणि थांबले. पुन्हा एकदा म्हटलं, मोठ्यानं, मागचा उजवा. बा दारात उभा होता. आम्ही दोघंही मायच्या तोंडाकडे पाहत राहिलो, ती आता चूक काढील म्हणून.